मांस कापणाऱ्यांच्या चामखिळी

नेवेनाला मी पिवळे रबरी हातमोजे घालून आंघोळ घालते. भांडी घासायचे असतात ते. नऊ महिन्यांची आहे माझी लेक. मानेखाली दोन वळ्या पडतात, त्यांत साबण साचतो. तो बोटाने अलगद काढावा लागतो, आणि रबराचं बोट नेमकं तिथेच घसरतं.

माझ्या डाव्या हातावर सात चामखिळी आहेत, उजव्यावर दोन. फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या. पहिली उठली तेव्हा सासूबाईंनी, रादोय्काबाईंनी, कुंपणाजवळच्या रानटी झाडाचा पिवळा चीक लावला. बोटं केशरी झाली, चामखीळ जागची हलली नाही. तेव्हापासून त्यांचं एकच, "तियाना, पोरीला हात लावू नकोस. कोवळं अंग आहे. उद्या तोंडावर उठल्या, मग?" नवरा स्लोव्हेनियात ट्रक चालवतो. फोनवर म्हणतो, आई म्हणते तसं कर.

मांसाच्या कारखान्यात मी डुकराच्या खांद्यांचं मांस हाडापासून सोडवते. डाव्या हातात लोखंडी जाळीचा मोजा, त्याखाली रबराचा, त्याखाली सुती. उजव्या हातात दोन रबरी. कोणाला काही दिसत नाही. दिसलं की मुकादम मोमिर सुरी काढून घेतो आणि खाली आतडी धुवायला पाठवतो. तिथली माणसं हंगामी. ईस्टर झाला की त्यांना घरी बसवतात. घरी म्हणजे माझ्या बाबतीत रादोय्काबाईंच्या घरी, दिवसभर, हात पाठीमागे घेऊन.

मार्चमध्ये नोवी साद शहरातून डॉक्टर इल्दिको आल्या. मांस कापणाऱ्यांच्या हातावरच्या चामखिळींचा अभ्यास करतात म्हणे. उपाहारगृहाच्या कोपऱ्यातल्या खोलीत टेबल मांडलं, भिंतीवर कागद लावला: नाव विचारणार नाही, फक्त क्रमांक. पण ती खोली काचेची. आणि मोमिर दाराशीच खुर्ची टाकून बसलेला. रांग नीट राहावी म्हणून!

पहिल्या दिवशी कोणी फिरकलं नाही.

माझ्या शेजारी सुरी चालवणाऱ्या व्हेरित्साला चामखिळी दिसल्या म्हणून शरद ऋतूतच खाली पाठवलं होतं, तिला आता लपवायला काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला ती मांस भरलेला बुरेक घेऊन शेजारी टेकली तेव्हा मी हळूच म्हटलं, "विचार ना गं त्यांना, हे लहान मुलांना होतं का?"

"मला कुठलं लहान मूल? माझा पोरगा चाळिशीचा घोडा."

"मैत्रिणीसाठी विचारतेय म्हण."

ती गेली, हात दाखवून आली, आणि तोंड पुसत म्हणाली, "डॉक्टरीण हसली. म्हणाली, आज सकाळपासून मैत्रिणीसाठी विचारणारी तू चौथी. फोनवर, चिठ्ठीवर, संडासात गाठून. पण हात बघितल्याशिवाय सांगणार नाही. ह्या विषाणूचे दोनशेच्या वर प्रकार आहेत, बाई! भाजीवालीकडे नसतात तेवढे."

"मग?"

"मग काय, मैत्रिणीला म्हणावं, मोजे काढ."

तिसरा दिवस डॉक्टरांचा शेवटचा होता. सकाळी नेवेना माझ्याकडे बघून दोन्ही हात वर करून उभी राहू पाहत होती, आणि मोजे कुठे ठेवलेत ते मला सापडेना. सासूबाईंनी तिला उचललं. दिवसभर मांसाच्या सरकत्या पट्ट्यावर माझी सुरी हाडाला लागत राहिली.

कामाची पाळी सुटायच्या आधी मी वर उपाहारगृहात गेले. मोमिर म्हणाला, "काय तियाना, तू पण? तुझे हात तर चांगले आहेत ना?"

मी काचेचं दार ढकललं. आत जाऊन जाळी काढली, रबर काढलं, सुती काढला. काचेपलीकडे तो उभा राहिल्याचं दिसलं.

डॉक्टरांनी पातळ पात्याने एक चामखीळ खरवडली, भुगा कुपीत टाकला. "घरी कोण लहान आहे?"

"मुलगी. नऊ महिन्यांची."

"डुकराकडून येत नाही हं हे. माणसाचाच विषाणू आहे. पण एक प्रकार जास्त करून मांस कापणाऱ्यांच्याच हातावर सापडतो. थंडी, ओल, बारीक कापे... नक्की का, ते अजून आम्हालाही माहीत नाही. तुमच्या तशाच वाटतात. खात्री सहा आठवड्यांनी."

"आणि तोपर्यंत तिला..."

त्यांनी चष्मा काढला. "मी आठ घरांतली मुलं तपासली, एकाच्याही हातावर हा प्रकार मिळाला नाही. आठ म्हणजे काही फार नव्हेत. वचन देत नाही. पण हा साधा चामखिळीचा आजार आहे. पट्टी लावा, हात धुवा, आणि घ्या मुलीला."

बाहेर मोमिरने हात पुढे केला. सुरीसाठी. "सोमवारपासून खाली," एवढंच म्हणाला.

घरी पोचले तेव्हा सासूबाई अंगणात नेवेनाला भोपळा भरवत होत्या. मी नऊही जागी पट्ट्या लावून गेले. सगळं सांगितलं, खाली पाठवल्याचंही.

"नोकरी घालवून आलीस! कशासाठी? आठ घरं म्हणे. नववं आपलं असलं तर?"

"असू शकतं, आई."

"मग सहा आठवडे थांब. इतके महिने थांबलीस ना?"

मी वाकून नेवेनाला उचललं. मोज्यांशिवाय. तिचे दंड मला वाटले होते त्याहून गरम होते, आणि ओले. तिने माझ्या हाताकडे पाहिलं, एक पट्टी ओढली, ओठ मुडपले आणि मोठ्याने रडायला लागली. आजीकडे झेपावली.

"बघ," रादोय्काबाई म्हणाल्या. "ओळखत नाही ती तो हात. दे इकडे."

त्यांनी हात पसरले होते. फाटकातून शेजारीण बघत होती. नेवेना पाठ ताणून किंचाळत होती, मागे पडू नये म्हणून मी तळवा तिच्या मानेमागे ठेवला, तिथे केस घामाने चिकटले होते.

"देत नाही," मी म्हटलं. आणि ती रडतच राहिली.