भावोजींचा पोटभाडेकरू

"इंजिन थरथरतंय आणि ब्रेक किंचाळतात," भावोजी रडवेल्या सुरात म्हणाले. त्यांची धिप्पाड, महागडी गाडी मेहुणीच्या गॅरेजात उभी होती.

मेहुणीने आधी स्कॅनर लावला, मग बॉनेट उघडून आत डोकावली. एक वायर कुरतडलेली होती आणि शेजारीच उंदराने चिंध्यांचं बिऱ्हाड थाटलं होतं.

"भावोजी, आम्हाला गाडीला हात लावू देत नाही आणि पोटभाडेकरू मात्र ठेवलात!"

वायर तिने लगेच बदलली. ब्रेकपॅड मात्र पार झिजले होते आणि नवे परदेशातून मागवावे लागणार होते.

"तोवर मी ऑफिसला जाऊ कसा?"

तिने स्कूटरची मागची सीट फडक्याने पुसली. भावोजी कुरकुरतच बसले.

ऑफिसच्या दारात उतरल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "संध्याकाळी न्यायला येशील ना?"