मिस्त्रींची मान आणि माझा बुडबुडा

आधी मला एखाद्या सपाट जागी ठेवा, मग बोलते. तिरकं धरलं की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. मी लेव्हलपट्टी. ॲल्युमिनियमचं लांबट अंग, त्याला पिवळा रंग आणि पोटात काचेची नळी. नळीत हिरवट पाणी, पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध थांबला की समजायचं, खालची जागा सरळ आहे. बाजूला सरकला की समजायचं, नाही. मला एवढंच बोलता येतं, पण बोलताना मी कधी कुणाची भीड ठेवली नाही.

कारखान्यात एका बाईने आम्हा बहिणींना एकेक करून दगडी ओट्यावर ठेवलं. मग टोकांची अदलाबदल करून पुन्हा ठेवलं. पट्टी खोटी असेल तर ती फिरवल्यावर बुडबुडाही बाजू बदलतो. अशा खोट्या निघालेल्या तिथेच बाद झाल्या. मी टिकले. तेव्हापासून अंगात थोडा ताठा आहे.

दुकानातून मला मिस्त्रींनी उचललं. घरांना, कार्यालयांना आतून फॉल्स सीलिंग बसवायचं त्यांचं काम. घोड्यावर, म्हणजे चार पायांच्या शिडीवर चढायचं, मान मागे टाकायची आणि दिवसभर वर बघत स्क्रू पिळायचे. त्यांची नजर अशी, की आधी डोळ्यांनीच सांगायचे, "डावीकडे केसभर खाली आहे." मग मला लावायचे आणि मी आपली 'हो' म्हणायचे. इतकं एकमत नवरा-बायकोतही सापडत नाही. मिस्त्रींची नजर म्हणजे शेवटचा शब्द, असं सगळे म्हणायचे आणि मिस्त्री ते ऐकून खोटं खोटं रागवायचे.

मग आमचं बिनसलं. ते म्हणायचे छताची चौकट सरळ बसली, मी म्हणायचे नाही. ते डोळे चोळायचे, घोडा घट्ट धरून उभे राहायचे आणि माझ्यावरच खापर फोडायचे. "पडलीये कुठेतरी. गेली कामातून." सरळ बाजारात जाऊन त्यांनी नवी पट्टी आणली. ती बिचारी काल आलेली, पण तिनेही माझंच म्हणणं खरं केलं. तेव्हा मिस्त्री म्हणाले, "हल्ली मालच खोटा येतो."

त्याच दिवसांत त्यांच्या बायकोने घड्याळ आणि औषधं ठेवायला पलंगासमोर एक फळी मागितली. तिचा भाऊ तिला ताई म्हणतो, म्हणून मीही ताईच म्हणते. मिस्त्रींनी मला खिळ्यावरून काढलंसुद्धा नाही. नजरेनेच खुणा केल्या, फळी ठोकली, दोन पावलं मागे सरकून बघितली आणि समाधानाने हात झटकले.

ताईने फळीवर औषधाची बाटली आडवी ठेवली. बाटली घरंगळत कडेला आली आणि तिने ती वरच्यावर झेलली. मग पुठ्ठ्याचा तुकडा दुमडून घड्याळाच्या एका पायाखाली सरकवला. भाऊ आला तेव्हा हळूच म्हणाली, "त्यांना बोलू नकोस काही. नजरेवरच तर जगतात ते."

हा भाऊ मिस्त्रींचा मेहुणा आणि कामातला जोडीदार. शाळेच्या सभागृहाचं काम चाललं होतं. मिस्त्रींनी छताचा एक सांगाडा बसवला, मी नाही म्हटलं, ते चिडले. मेहुण्याने मला त्यांच्या हातातून घेतलं, सांगाड्याला लावलं, मग टोकं उलटी करून पुन्हा लावलं. बुडबुडा खिडकीकडे होता, खिडकीकडेच राहिला.

"भावजी, पट्टी खरी आहे."

मिस्त्री घोड्यावरून उतरले आणि खालच्या पायरीवर बसले.

"एक विचारू?" मेहुणा म्हणाला. "घेता का तुम्ही हल्ली?"

"चहाशिवाय कशाला शिवत नाही मी. वर बघितलं की भिंती कलतात रे. बोटांना मुंग्या येतात, स्क्रू हातात आहे की पडला ते कळत नाही. तुझ्या ताईला सांगू नकोस."

ही माणसांची मोठी गमतीची सवय. ती त्याच्यापासून लपवते, तो तिच्यापासून, आणि मधला मेहुणा दोन्हीकडची गुपितं सांभाळून वाळत जातो. पण या वेळी त्याने सांभाळलं नाही. कामावरून मिस्त्रींना परस्पर दवाखान्यात नेलं आणि ताईला तिथेच बोलावून घेतलं. तेव्हा आणि पुढच्या खेपांनाही पिशवीतून माझं टोक बाहेर होतं, म्हणून हे सगळं मला बघता-ऐकता आलं.

डॉक्टर घाईचे नव्हते. म्हणाले, "चक्कर म्हटलं की लगेच मानेवर यायचं नाही. आधी कान बघू, रक्तदाब बघू." सगळं बघून झालं. औषधं झाली, मानेचे व्यायाम झाले, पट्टा झाला. तोवर हाताची पकडच सैल पडायला लागली. भरला पेला निसटायचा. मग डॉक्टरांनी मानेची फिल्म उजेडात धरली. "मणक्यांच्या मधली ही गादी झिजून मागे सरकलीये. मज्जारज्जूवर दाब येतोय. आता थांबण्यात अर्थ नाही. गळ्याच्या पुढून छोटा छेद घेऊ, ही गादी काढू आणि जागेवर कृत्रिम बसवू."

"चक्कर जाईल?" ताईने विचारलं.

"ऑपरेशन आहे ते मज्जारज्जूवरच्या दाबासाठी. हात आणखी बिघडू नये, जमलं तर सुधारावा, म्हणून. चक्करेचं वचन देत नाही. काहींची जाते, काहींची राहते."

मिस्त्री फिल्म उलटसुलट करून बघत होते. मग म्हणाले, "डॉक्टर, सरळ काय आणि वाकडं काय, एवढं कळेल ना मला?"

डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर नुसता हात ठेवला. ताईने पिशवीचा बंद मुठीत आवळला.

ऑपरेशनच्या वेळी मी घरी खिळ्यावर होते. मेहुणा निरोप घेऊन आला, सगळं नीट पार पडलं म्हणाला. मग त्याची नजर फळीवर गेली. "ताई, भावजी घरी यायच्या आत हिला सरळ करून टाकतो. उगाच त्यांच्या डोळ्यांसमोर."

ताईने त्याच्या हातातला हातोडा काढून घेतला. "राहू दे. दिसली तर त्यांनाच दिसू दे."

मिस्त्री गळ्याला पट्टा लावून आले. पलंगावर उशीला टेकून बसले की बरोबर समोर फळी. ताई पेज भरवता भरवता त्यांच्या डोळ्यांकडे बघायची. ते फळीकडे बघायचे, घड्याळात वेळ बघायचे आणि डोळे मिटायचे. हळूहळू हाताला जोर आला, पेला स्वतः धरायला लागले. फळीबद्दल मात्र अवाक्षर नाही. ताईने विचारायचं सोडाच, ती फळीवरची धूळसुद्धा त्यांच्याकडे पाठ करून पुसायला लागली. आणि मी खिळ्यावर लटकलेली, तोंड असून मुकी. मला त्या दिवसांत फार वाईट वाटलं, हे सरळच सांगते.

एका सकाळी ती घड्याळाला चावी देत होती. मिस्त्री म्हणाले, "अगं, ही फळी कुणी लावली?"

तिचा हात थांबला. "तुम्हीच."

"मी?" त्यांनी डोळे बारीक केले. "वाकडी आहे की. डावीकडे चांगली बोटभर खाली आहे."

ताई पलंगाच्या कडेवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मिस्त्रींना काही उमगेना. ते हळूच उठले, मला खिळ्यावरून काढलं आणि फळीवर ठेवलं. बुडबुडा उजवीकडे पळाला. टोकं उलटी करून ठेवलं, तरी उजवीकडेच. मग त्यांनी घड्याळाखालचा दुमडलेला पुठ्ठा पाहिला आणि त्यांना सगळंच उमगलं.

"इतके दिवस बोलली नाहीस?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होते."

आता छताचं काम मेहुणा करतो, नवी पट्टी त्याच्याकडे असते. मिस्त्री आणि मी कमरेएवढ्या उंचीची कपाटं, ओटे बसवतो. अचानक मान वळवली तर अजून त्यांना गरगरतं, नाही असं नाही. पण तेवढं ते ताईला सांगतात. आमचं एकमत पुन्हा जमलंय.

तुमच्याही घरात एखादी पट्टी असेल. तिचं आणि तुमचं सारखंच बिनसायला लागलं, तर नवी आणायला धावू नका. तिची टोकं उलटी करून बघा. ती खरी निघाली तर गुपचूप घोडा धरून उभे राहू नका, घरच्यांना सांगा आणि डॉक्टरला दाखवा. याहून जास्त शहाणपण माझ्याकडे नाही.

फळी ताईने सरळ करू दिली नाही. संध्याकाळी कामावरून आलं की मिस्त्री मला तिच्यावरच ठेवतात. रात्रभर माझा बुडबुडा एका कडेला दाबून बसलेला असतो. माझ्यासारखीला हे सोसवू नये, पण सोसवतं. कारण रोज मला ठेवताना ताई आतून विचारते, "कशी आहे हो फळी?"

"वाकडी," मिस्त्री म्हणतात.

मग ती चहा टाकते.