तळाची चिंधी

बायको गेल्यावर ड्रायव्हरकाकांकडे उरलं ते तिचं लिंबाचं झाड आणि तिचा धाक. झाड मेलं तर वर गेल्यावर तिला तोंड काय दाखवायचं? म्हणून त्यांनी ते थाटात मोठ्या कुंडीत हलवलं. जुन्या कुंडीच्या बुडाशी एक कळकट चिंधी निघाली. "हिला कचराही जपायची खोड," म्हणत त्यांनी ती फेकून दिली.

मग पाणी घातलं की कुंडीच्या भोकातून चिखल खालच्या बाल्कनीत ठिबकायला लागला. खाली शिंपीणबाई राहायची. तिथे गिऱ्हाइकांचं पांढरं कापड वाळत असे. तिने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ऐकवलं. काकांची उभी हयात बस चालवण्यात गेलेली, भोक दिसलं की बुजवायचं एवढंच त्यांना ठाऊक. ट्यूबचा रबरी तुकडा चिकटवून त्यांनी कुंडीचं असं पंक्चर काढलं की थेंब बाहेर पडेना.

पंधरवड्यात पानं पिवळी पडली. घाबरून काकांनी आणखी पाणी घातलं. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते हेच.

एका सकाळी शिंपीणबाई दारात उभी. काकांनी आधीच हात झटकले.

"आता काय? थेंब तरी पडतो का?"

"तेच विचारायला आलेय. पाणी जातं कुठे मग?" ती थेट कुंडीपाशी गेली, मातीत बोट खुपसून वास घेतला. "मुळं कुजतायत, काका. माझी जाळी कुठेय?"

"तुमची?"

"काकूंनी मागून नेली होती. फ्रॉकला आतून लावतात ती. भोकावर घातली की माती अडते, पाणी जातं."

फेकलेली चिंधी आठवून काकांची मान खाली गेली. बाई मात्र खाली जाऊन दुसरी जाळी घेऊन आली. दोघांनी झाड उपसलं, कुजकी मुळं छाटली, रबर ओरबाडून काढलं आणि जाळीवर कोरडी माती घालून झाड पुन्हा लावलं.

"मी खाली जाते. मग घाला पाणी."

काकांनी भीतभीत तांब्या ओतला आणि कठड्यावरून वाकून पाहिलं. बाईने ठिबकणाऱ्या पाण्याखाली मुद्दाम पांढरं कापड धरलं होतं. त्यावर डाग नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात कोंब फुटला. काका धावत खाली गेले.

"बाई, तुमचे उपकार कसे फेडू?"

"पहिलं लिंबू द्या. आणि काकूंची चिंधी दिसली तर आधी मला विचारा."

काका हसले. मग वर येऊन, चाळीस वर्षांच्या संसारात कधी म्हटलं नव्हतं ते बायकोच्या झाडापाशी उभं राहून मोठ्याने म्हणाले, "तुझेही उपकार आहेत गं."