पुन्हा पहिल्यापासून

सोनाटा, म्हणजे आमच्या घरी वाजते ती विलायती रचना, पियानोचा आहे आणि व्हायोलिन फक्त सोबतीला, असं आमच्या छापील प्रतीच्या पहिल्याच पानावर लिहिलंय. त्या जुन्या काळी तशीच रीत होती म्हणे. आमच्या ह्यांना मात्र ते कधी दिसलं नाही. हे व्हायोलिन वाजवतात, ह्यांची धाकटी बहीण पियानो, आणि संगीतातलं ओ की ठो कळत नसलेली मी पानं उलटते. नणंदेने मान हलवली की उलटायचं. आपली अक्कल चालवायची नाही.

सुरुवातीचा तुकडा दोनदा वाजवायचा असतो. आमच्याकडे तो एकदाच वाजतो. कारण उघड आहे: त्यात गोड चाल सगळी पियानोकडे आणि ह्यांच्या वाट्याला नुसते लांबलचक सूर. "तेच तेच काय दळायचं?" म्हणत हे थेट पुढे जातात. नणंद धडपडत ह्यांना गाठते, आणि पाहुणे ह्यांचीच पाठ थोपटतात.

संगीतशाळेत पियानो शिकवायची जागा निघाली. सोबत तिथेच राहायला खोली. इतकी वर्षं आमच्या दिवाणखान्यात अंथरूण घालणाऱ्या बाईला स्वतःचं दार मिळणार होतं. ते ऐकून तिचा चेहरा असा काही उजळला की मला भरून आलं. निवडीसाठी वाजवायचा होता हाच सोनाटा.

"दादा, या वेळी सुरुवातीचा तुकडा दोनदा हं," तिने बजावलं.

"अगं हो, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

परीक्षक दोघे होते, एक म्हातारे आणि एक बाई. पहिला तुकडा छान झाला. नणंदेने मान हलवली, मी पान मागे उलटलं आणि हे सवयीने पुढे गेले. असा काही कालवा झाला की माझ्यासारखीलाही कळलं. आता ती धावणार, म्हणून मी पान पुन्हा पुढे घ्यायला हात उचलला.

ती जागची हलली नाही. लिहिलं होतं ते वाजवत राहिली. ह्यांनी डोळे वटारले, मग व्हायोलिनवरचा गज खाली घेतला आणि गुपचूप उभे राहिले. तो अख्खा तुकडा तिने एकटीने वाजवला, आणि खरं सांगते, कसलीही उणीव भासली नाही. ह्यांनाही भासली नसावी, कारण मान खाली गेली होती. पुढच्या भागाला हे हळूच सामील झाले.

"दुसऱ्यांदा व्हायोलिन मुद्दाम गाळलंत का?" म्हाताऱ्या परीक्षकांनी विचारलं. "ऐकायला बरं वाटलं."

"हो, आमचं तसं ठरलंच होतं," हे घाईघाईने म्हणाले.

"नाही," नणंद म्हणाली. "दादा चुकला. दरवेळी मी सावरून घेते. आज घेतलं नाही."

मी ह्यांची बायको, मला राग यायला हवा होता. पण मला आनंद झाला.

परीक्षक बाईंनी विचारलं, "राहायला कधी येऊ शकाल?"

"आजच," ती म्हणाली.