बेटावरची वाट कोण मळतं

पवनी-लाखांदूर गाडी वैनगंगेच्या पुलावर आली की रत्नमाला तिकिटांचं मशीन पोटाशी धरून डावीकडच्या खिडकीत वाकायची. चार वर्षं ती या गाडीवर कंडक्टर होती. धरणाचं पाणी तुंबल्यापासून नदी तळ्यासारखी पसरली होती आणि त्या पसाऱ्यात एका टेकडीचं बेट झालं होतं. बेटाच्या काठाकाठानं एक पांढुरकी रेघ जायची. पाऊलवाट.

पावसाळ्यात सारं बेट हिरवं गच्च होई, पण दिवाळीपर्यंत रेघ पुन्हा उघडी. हेच तिला समजत नव्हतं. ज्या वाटेनं कुणी जात नाही, ती गवत एका पावसात गिळून टाकतं. मग ही कोण मळतं?

तिनं प्रवाशांना विचारून पाहिलं. कुणी म्हणे रेतीवाले, कुणी म्हणे एखादा बैरागी असेल. एका गुरुजींनी तर ती वाटच नाही, पाणी उतरल्याची खूण आहे असं ठासून सांगितलं. कोणाचंच तिला पटलं नाही.

गाडीला रोज मासळीची टोपली घेऊन येणारा इश्वर ढिवर तिच्या ओळखीचा झाला होता. ओळख झाली ती टोपलीच्या वासावरून भांडण होऊनच. तो म्हणाला, बुडालेल्या झाडांच्या खुंटांत जाळी फाटतात म्हणून त्या बाजूला कोणी डोंगा नेतच नाही. त्याची बायको शकुंतलाबाई शेजारीच बसली होती. ती एकदम म्हणाली, "ते आमच्या घाटटोलीची वाट हाय, बाई. गाव बुडालं, वाट रायली."

घाटटोली उठल्यावर शकुंतलाबाई तिकडे फिरकली नव्हती. पण त्या दिवशी तिच्याही मनात किडा वळवळला असावा. रत्नमालाच्या सुट्टीच्या दिवशी, थंडीतल्या एका सकाळी, तिघं डोंग्यात बसून निघाली. इश्वर खुंट चुकवत, शिव्या घालत डोंगा हाकत होता.

वाट खरंच वाट होती. एका माणसापुरती, तुडवून तुडवून गुळगुळीत झालेली. शकुंतलाबाई पुढं झाली आणि तिच्या चालीत जोर आला. या धोंड्यावर बाया मोहफुलांच्या टोपल्या टेकवत, इथून पोरं नदीत उड्या टाकत, असं ती सांगत होती. एका वळणावर वाट सरळ पाण्यात उतरली आणि ती थांबली. खाली, पाण्याच्या पोटात, तिचं गाव होतं.

मग रत्नमालाचं लक्ष बाजूला गेलं. वाट तिथं संपली नव्हती. तिला एक नवा फाटा फुटला होता आणि तो चढणीनं पळसांमधून पुढं जात होता.

"मावशी, हा फाटा पयलेपासून होता?"

"नाई. आमची वाट इथंच गावात उतरे. वर जायचं काय काम?"

आता तिघांनाही राहवेना. फाट्यावर एका पळसाचं खोड घासून चिकणं झालं होतं, सालीत पांढरे केस अडकले होते. थोडं पुढं शेण पडलं होतं, ओलं. इश्वरनं सोबत आणलेलं वल्हं घट्ट धरलं.

मोहाच्या सावलीत गुरं उभी होती. पांढरी, काटक, गळ्यात ना दावं ना घंटी. माणसं दिसताच सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या. एका गोऱ्ह्यानं पाय आपटला. तिघं तिथंच थिजली.

शकुंतलाबाईनं तोंडाला पदर लावला. "देवाजीची गुरं," ती पुटपुटली.

देवाजी घाटटोलीचा गुराखी. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पाणी चढलं त्या साली गावची गुरं टेकडीवर असताना रातोरात मधली जमीन बुडाली. गुरं वाहून गेली असं सगळ्यांनी धरलं. देवाजी पिऊन पडला होता, असंही लोक बोलले. तो शपथा घेऊन सांगायचा की गुरं टेकडीवर जिवंत आहेत, पण घरं हलवायच्या घाईत कोणी पाहायला गेलं नाही. नव्या गावठाणात त्याच्या हाती कोणी वासरू दिलं नाही. तो आसगावला लेकीकडं निघून गेला.

तिघं त्याच वाटेनं पुढं चालली. वाट सबंध बेटाला वळसा घालून पुन्हा डोंग्यापाशी आली. माणसांची वाट गावाहून रानात जायची, गुरांनी तिची गोल फेरी केली होती. कुठं जायचंच नव्हतं, तर दुसरं काय करणार?

त्याच संध्याकाळी त्यांनी आसगाव गाठलं. देवाजीनं सगळं ऐकलं. त्याला आनंद झाला की राग आला, रत्नमालाला कळेना. त्यानं एवढंच विचारलं की तिथं वासरं आहेत का. आहेत म्हटल्यावर त्यानं डोळे मिटले.

पुढच्या सुट्टीला तो त्यांच्याबरोबर आला. त्याआधी रत्नमालानं गावठाणात जाऊन चारचौघांत डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं होतं, म्हणून दुसऱ्या डोंग्यातून काही गावकरीही आले. त्यांच्याजवळ दोर होते. पण गुरं काही हाती लागली नाहीत. दोर दिसला की कळप झाडीत फुटायचा. दुपारपर्यंत लोक दमले आणि परत गेले. जाताना एक म्हातारा देवाजीजवळ थांबला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोंग्यात बसला.

सगळं निवांत झाल्यावर देवाजीनं तोंडाशी हात नेऊन जुनी हाक दिली. झाडीतल्या गुरांनी कान टवकारले, पण एकही जनावर पुढं आलं नाही. रत्नमालाला वाईट वाटलं.

"काहून येतीन?" देवाजी हसला. "माह्या वक्ताची गुरं कधीचीच मेली असतीन. हे त्यायचे नातू-पणतू. ह्यायले मी कोण?"

त्यानं पिशवीतून खडेमीठ काढलं, वाटेतल्या सपाट दगडावर पसरलं आणि दूर जाऊन उकिडवा बसला. ती तिघंही त्याच्या मागं गुपचूप बसली. ऊन कलायला लागलं तेव्हा झाडीतून एक कालवड निघाली. ती दगडाला हुंगून मागं सरली, पुन्हा पुढं आली आणि मीठ चाटू लागली.