मागे राहिलेली पट्टी

बाबांच्या आजारात आधी हात थरथरतात, मग चालणं जातं, शेवटी माणूसच ओळखू येत नाही. आजार वारशाने आला असेल, तर डीएनएचा एक ठरावीक तुकडा वाजवीपेक्षा लांब असतो. असे तुकडे मोजणं हे माझं रोजचं काम. तरी दादाने आणि मी स्वतःची तपासणी चार वर्षं टाळली. मग दादाच्या हातून कप पडायला लागले.

घरच्यांचा नमुना हाताळायचा नाही, असा आमच्या प्रयोगशाळेचा नियम. मी दादाचा हाताळला. त्यावर कडी म्हणजे, जेलीच्या लादीवर त्याच्या शेजारच्या खाचेत गुपचूप माझाही भरला.

वीज सुरू केली. डीएनए धन टोकाकडे ओढला जातो, पण त्याची वाट त्या जेलीतल्या बारीक जाळीतून. छोटे तुकडे सुळकन निसटतात. लांबडे अडखळत मागे राहतात, अरुंद जिन्यात गादी घेऊन शिरलेल्या माणसासारखे. यात पाऊण तास जातो. दार मी आतून लावलेलं, खोलीला खिडकी नाही, आणि बाहेरच्या बाकावरून दादा उठून दर पाच मिनिटांनी टकटक करणार.

"झालं का गं?"

"भात नाही लावलाय इथे. गप बस!"

शेवटी लादी दिव्यावर ठेवली. प्रत्येकाच्या दोन पट्ट्या दिसतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. दादाच्या दोन्ही खाली, हव्या तिथे. माझी एक खाली. दुसरी वर, खाचेपासून जेमतेम हललेली.

पहिल्यांदा मनात काय आलं ते सांगायलाही लाज वाटते. खाचांची अदलाबदल तर झाली नसेल? म्हणजे ते दुखणं मी दादाच्या गळ्यात घालत होते! पण मी नेहमी डावीकडून भरते, प्रत्येक नळीच्या झाकणावर खूण करत. खुणा जागच्या जागी होत्या. अकरा वर्षांत मी कधी चुकले नाही, आजही नाही.

दार उघडलं. "तू सुटलास. कप पडतात ते तुझ्या धांदरटपणामुळे."

दादा लहान मुलासारखा रडला. मग डोळे पुसत म्हणाला, "मग तुझीही काळजी मिटली! आपण एकाच मुशीतले. आता आईला सांगू, दोघंही सुटलो."

मी त्याच्या हातात फक्त त्याच्याच निकालाचा कागद दिला.

"अगं, हात किती थरथरतोय तुझा," तो हसला. "आनंदाने ना?"

"आनंदानेच," मी म्हणाले.