पर्वत खाली कधी येतो

मिल बंद पडली तरी अनंत चतुर्दशीला आपल्या मिलची झांकी, म्हणजे देखाव्याचा चित्ररथ, निघणारच, असं बाबांनी कमिटीत छातीठोकपणे सांगितलं. वर हेही सांगितलं की देखाव्याची हालचाल यंदा त्यांची मंजिरी, म्हणजे मी, बसवेन. दरवर्षी ते काम करणारे नाना पीथमपूरच्या नव्या कारखान्यात लागले होते.

कमिटीतल्या लक्ष्मीकांतकाकांनी नाक मुरडलं. "बाबूरावजी, पोरीचा खेळ नाहीये हा. रस्त्यात अटकली तर लोग हसतील, मिलसारखीच झांकीपण बंद." माझं डोकंच फिरलं. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

देखावा गोवर्धनाचा होता. गाडीखाली पिंपासारखा एक आडवा लाकडी ढोल मोटरवर सावकाश फिरायचा. त्यावर ठोकळे ठोकायचे. ठोकळा बटणावर आला की बटण दाबलं जायचं. एकानं वीज चमकायची, दुसऱ्यानं कृष्णाचा हात पर्वतासकट वर जायचा. लांब ठोकळा म्हणजे जास्त वेळ, मोकळी जागा म्हणजे थांबा. फेरा संपला की तेच पुन्हा पहिल्यापासून.

चाचणीत पहिल्या फेऱ्याला पर्वत असा झोकात उचलला गेला की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या फेऱ्याला मोटर नुसतीच घुरघुरली. पर्वत वरच होता. तो खाली आणणारा ठोकळा मी लावलाच नव्हता.

"लाव मग," बाबा म्हणाले.

काका उसळले. "मतलब भगवान पब्लिकसमोर पर्वत खाली ठेवणार? आणि गोकुळ दबून जाणार?"

माणूस खडूस, पण म्हणणं बरोबर होतं. मी दुपारभर ढोलापाशी बसून राहिले. मग डोळे दिपवणारी वीज लावली, तिच्यामागे दिवे विझवणारा लांब ठोकळा, आणि शेजारच्या ओळीत, त्याच अंधारात, पर्वत उतरवणारा आखूड ठोकळा. दिवे लागेपर्यंत कृष्ण पुन्हा उचलायला तयार.

मिरवणुकीत राजवाड्यापाशी गर्दी हलेचना. पर्वत उतरताना पकडायचाच, अशी लोकांत पैज लागली होती. कुणालाच जमेना. शेवटी एकानं बाबांना विचारलं, "भिया, पहाड़ नीचे कब रखते हो?"

नोकरी गेल्यापासून बाबा बाहेरच्या लोकांशी मान खाली घालूनच बोलायचे. आता ताठ उभे राहिले.

"अपनी मिल का भगवान नीचे रखता ही नहीं," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "यकीन ना हो तो इससे पूछ लो. मेरी बेटी ने बनाया है."

सगळे माझ्याकडे वळले. मी परत बाबांकडे बोट दाखवलं. त्यांना वाटलं, गुपित राखतेय. मला बाबांकडून ते वाक्य पुन्हा एकदा ऐकायचं होतं.